शिक्षेनंतरचा न्याय : प्रस्तावना

अल्पवयात गंभीर गुन्हा केलेल्या व्यक्तीला किती शिक्षा व्हावी, आणि ती भोगत असताना त्या शिक्षेचा फेरविचार कधी व कोणी करावा, या दोन प्रश्नांभोवती अमेरिकेत गेली वीस-बावीस वर्षे एक संघटित चळवळ उभी आहे. तिचा कणा आहेत ना-नफा संस्था. वकील, मानसशास्त्रज्ञ, मानवी हक्कांचे कार्यकर्ते, कैद्यांचे नातेवाईक आणि तुरुंगातून सुटून आलेली माणसे त्या चालवतात. अल्पवयीनांचा मृत्युदंड रद्द होण्यात, मरेपर्यंत तुरुंगात ठेवणाऱ्या शिक्षांना आळा बसण्यात आणि अशा शिक्षा झालेल्या हजाराहून अधिक लोकांची सुटका होण्यात या संस्थांचा मोठा वाटा आहे. जनवकिलीने कायदा कसा बदलतो आणि कायदा बदलल्यावरही काय बदलायचे राहते, या दोन्ही गोष्टी समजून घ्यायला हा इतिहास उपयोगी आहे.

मराठी वाचकासाठी एक खुलासा सुरुवातीलाच करायला हवा. महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे कैद्याला आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणांसाठी मिळणारी ठरावीक मुदतीची रजा. कारागृहाच्या नियमांत तिला अभिवचन रजा म्हणतात, आणि ती संपली की कैदी परत येतो. अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला भाग तुरुंगाबाहेर, देखरेखीखाली आणि अटी पाळून काढण्याची मुभा. आपल्याकडच्या मुदतपूर्व सुटकेला ती जास्त जवळची आहे. म्हणून ‘पॅरोलविना जन्मठेप’ या शिक्षेत चौदा किंवा वीस वर्षांनी फाइल पुन्हा उघडण्याची सोय नसते. कैदी तुरुंगातच मरणार, हे न्यायालयाने पहिल्याच दिवशी ठरवलेले असते.

पॅरोल आणि बालन्याय या दोन्ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणावादातून आल्या. १८४० मध्ये नॉरफोक बेटावरच्या बंदिवानांसाठी अलेक्झांडर मॅकोनोकी यांनी चांगल्या वर्तनाला गुण देण्याची पद्धत सुरू केली. पुढे आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन यांनी टप्प्याटप्प्याने सुटकेकडे नेणारी व्यवस्था बसवली. अमेरिकेत ती रुजली न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा सुधारगृहात. १८७६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत सोळा ते तीस वर्षांचे, पहिल्यांदाच गुन्हा केलेले तरुण ठेवले जात. त्यांची शिक्षा आधी पक्की केलेली नसे. प्रगती दिसली की अटींवर सुटका होई. म्हणजे अमेरिकी पॅरोलचा पहिला मोठा प्रयोग तरुण गुन्हेगारांवरच झाला. १८९९ मध्ये शिकागोच्या कुक परगण्यात पहिले बालन्यायालय उघडले, तेही हल हाउस या समाजसेवा केंद्रातल्या जेन ॲडम्स व ज्युलिया लॅथ्रॉप आणि ल्युसी फ्लॉवर यांच्यासारख्या स्त्रियांच्या प्रयत्नांतून. आजच्या भाषेत सांगायचे तर हे काम स्वयंसेवी जनवकिलीचेच होते. मुलाने काय केले यापेक्षा त्याला कशाची गरज आहे, हे न्यायाधीशाने पालकाच्या भूमिकेतून पाहावे, अशी त्यामागची धारणा होती.

या पालकत्वाला दुसरी बाजूही होती. वकील नाही, आरोपपत्र नाही, अपील नाही. ॲरिझोनात अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून एका पंधरा वर्षांच्या मुलाला एकविशीपर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला. हाच गुन्हा प्रौढाने केला असता तर जास्तीत जास्त पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. ‘गॉल्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मुलांनाही वकिलाचा आणि न्याय्य सुनावणीचा हक्क दिला. त्यानंतर मुलांच्या बाजूने उभे राहणाऱ्या वकिलांची नवी पिढी तयार झाली. फिलाडेल्फियातले ज्युव्हेनाइल लॉ सेंटर १९७५ मध्ये सुरू झाले, ते याच काळात.

त्याच सुमारास पॅरोलवरचा विश्वास मात्र ओसरू लागला. सुधारणेच्या कार्यक्रमांचा फारसा उपयोग होत नाही, असा निष्कर्ष समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिनसन यांनी १९७४ मध्ये मांडला. उजव्यांना पॅरोल मवाळ वाटत होता, तर डाव्यांना तो पॅरोल मंडळाच्या लहरीवर चालणारा वाटत होता. दोन्हीकडून टीका होऊ लागल्यावर मेन राज्याने तो रद्द केला, फ्लोरिडाने १९८३ मध्ये तेच केले, आणि १९८४ च्या कायद्याने केंद्रीय तुरुंगांतला पॅरोलही संपवला. जिथे पॅरोल उरला नाही, तिथे ‘जन्मठेप’ या शब्दाचा अर्थ आपोआप मरेपर्यंत कैद असा झाला.

यानंतर नव्वदचे दशक आले. किशोरवयीनांच्या हातून होणाऱ्या खुनांचे प्रमाण दशकाच्या सुरुवातीला शिगेला पोचले होते. १९९५ मध्ये राज्यशास्त्रज्ञ जॉन डिलुलिओ यांनी ‘सुपरप्रिडेटर’ हा शब्द रूढ केला. दयामाया नसलेल्या, हिंस्र मुलांची एक लाट येऊ घातली आहे, असे त्यांचे भाकीत होते. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. १९९२ ते १९९७ या काळात ४५ राज्यांनी मुलांना प्रौढांच्या न्यायालयात पाठवणे सोपे करणारे कायदे केले. प्रत्यक्षात गुन्हे त्याच सुमारास घटू लागले होते आणि पुढेही घटत राहिले. २०१२ च्या एका खटल्यात अभ्यासकांच्या गटाने न्यायालयापुढे निवेदन ठेवले आणि हे भाकीत खोटे ठरल्याचे त्यात मान्य केले. त्यावर सही करणाऱ्यांत स्वतः डिलुलिओ होते. तोपर्यंत त्या भाकिताच्या आधाराने झालेले कायदे पुस्तकात होते, आणि त्यांखाली शिक्षा झालेली मुले तुरुंगात मोठी होत होती.

ही मुले किती आहेत, याची देशव्यापी मोजणीच झालेली नव्हती. २००५ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच आणि ॲम्नेस्टी इंटरनॅशनल यांनी मिळून ती केली. अठरा वर्षांखाली केलेल्या गुन्ह्यासाठी पॅरोलविना जन्मठेप भोगणारे किमान २,२२५ लोक त्यांना आढळले. त्यांतल्या १६ टक्के लोकांचे वय गुन्ह्याच्या वेळी तेरा ते पंधरा होते. सुमारे ५९ टक्क्यांची ती पहिलीच दोषसिद्धी होती. सुमारे २६ टक्के लोकांनी प्रत्यक्ष खून केलेला नव्हता. दरोड्यात साथीदाराच्या हातून कुणी मेले की सगळेच खुनी ठरतात, अशा कायद्याखाली ते अडकले होते. साठ टक्क्यांच्या आसपास कैदी कृष्णवर्णीय होते. बालहक्क कराराच्या ३७ व्या कलमाने अशा शिक्षेला स्पष्ट मनाई केली आहे. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांपैकी एकट्या अमेरिकेने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही.

न्यायालयीन लढ्याची क्रमवारी आता सर्वज्ञात आहे. २००५ च्या ‘रोपर विरुद्ध सिमन्स’ या निकालाने अठरा वर्षांखालील गुन्ह्यासाठी मृत्युदंड घटनाबाह्य ठरवला, आणि ७२ जणांच्या माथ्यावरची फाशी टळली. २०१० च्या ‘ग्रॅहम विरुद्ध फ्लोरिडा’ निकालात खून सोडून इतर गुन्ह्यांसाठी अल्पवयीनांना पॅरोलविना जन्मठेप देता येणार नाही, असे ठरले. परिपक्वता आणि सुधारणा दाखवून सुटका मिळवण्याची खरीखुरी संधी राज्याने दिली पाहिजे, हे सूत्रही त्यातच आले. २०१२ च्या ‘मिलर विरुद्ध अलाबामा’ खटल्यात मॉन्टगोमेरी शहरातल्या इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेचे ब्रायन स्टीव्हन्सन यांनी युक्तिवाद केला. खुनाच्या प्रकरणातही वय न पाहता सरसकट ही शिक्षा देणे त्या निकालाने बंद झाले. २०१६ मध्ये ‘मॉन्टगोमेरी विरुद्ध लुइझियाना’ खटल्यात हा नियम जुन्या शिक्षांनाही लागू झाला. मग पीठाची रचना बदलली. २०२१ च्या ‘जोन्स विरुद्ध मिसिसिपी’ निकालात, मूल सुधारण्यापलीकडे गेले आहे असा स्वतंत्र निष्कर्ष न नोंदवताही ही शिक्षा देता येते, असे न्यायालयाने सांगितले. संघराज्याच्या पातळीवर दार बरेचसे मिटले आणि लढा राज्यांकडे वळला.

या निकालांमागचा युक्तिवाद विकासमानसशास्त्राचा होता. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि एलिझाबेथ स्कॉट यांनी २००३ मध्ये तो नेमकेपणाने मांडला. किशोरवयात आवेग आवरत नाही, सोबत्यांचा दबाव जास्त असतो आणि स्वभाव अजून घडत असतो. त्यामुळे गुन्ह्याची जबाबदारी संपत नाही, पण कमी होते. यातल्या तिसऱ्या मुद्द्याने चळवळीला तिची मुख्य मागणी दिली. स्वभाव घडत असेल, तर त्या माणसाबद्दलचा अंतिम निर्णय सोळाव्या वर्षी घेणे घाईचे ठरते. तो निर्णय पुढे ढकलावा, आणि वेळ आली की पुन्हा खुल्या मनाने घ्यावा. निर्दोष ठरवा, असे या संस्था सहसा म्हणत नाहीत. त्यांचे भांडण निर्णयाच्या वेळेशी आहे.

या मागणीपर्यंत पोचण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत, आणि त्यांतून चळवळीतले प्रवाह तयार झाले. पहिला प्रवाह न्यायालयीन लढ्याचा. त्याची उदाहरणे वर आलीच. दुसरा संशोधनाचा. वॉशिंग्टनमधल्या द सेंटेन्सिंग प्रोजेक्टने २०१२ मध्ये दीड हजारांवर अशा जन्मठेपी कैद्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा घरातली हिंसा पाहत मोठे झालेल्यांचे प्रमाण ७९ टक्के निघाले. तिसरा प्रवाह विधिमंडळांत काम करणाऱ्यांचा. २००९ मध्ये स्थापन झालेल्या कॅम्पेन फॉर द फेअर सेंटेन्सिंग ऑफ यूथ या संस्थेने राज्याराज्यांत, दोन्ही पक्षांच्या आमदारांना धरून विधेयके आणली. २०१२ मध्ये जेमतेम पाच राज्यांत असलेली बंदी २०२४ पर्यंत २८ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन इथवर पोचली. चौथा प्रवाह थेट मदतीचा. फिलाडेल्फियातला यूथ सेंटेन्सिंग अँड रीएंट्री प्रोजेक्ट, लुइझियाना पॅरोल प्रोजेक्ट किंवा ओकलंडची अनकॉमन लॉ या संस्था एकेका कैद्याची तयारी करून घेतात. पाचवा प्रवाह सुटून आलेल्यांचा. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये सुरू झालेल्या अँटी-रेसिडिव्हिझम कोअलिशनचे सभासद विधिमंडळात साक्ष देतात आणि नव्याने सुटलेल्यांना घर, काम, सोबत मिळवून देतात.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण तिथे हे सगळे प्रवाह एकत्र आले. २०१३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या गुन्हेगारांसाठी खास पॅरोल सुनावणी सुरू झाली. मूळ शिक्षेनुसार ती कैदेच्या पंधराव्या, विसाव्या किंवा पंचविसाव्या वर्षी होते, आणि वयामुळे कमी ठरणाऱ्या दोषाला मंडळाने मोठे वजन द्यावे, असे कायदा सांगतो. वयाची मर्यादा २०१५ मध्ये तेविसापर्यंत आणि २०१७ मध्ये पंचविसापर्यंत वाढली. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच्या गुन्ह्यासाठी पॅरोलविना जन्मठेप झालेले मात्र अजूनही या सुनावणीच्या कक्षेबाहेर आहेत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ही वगळणूक वैध ठरवली.

सुनावणीच्या खोलीत काय घडते, यावर या सगळ्या कायद्यांचे फळ ठरते. मंडळाचे सदस्य आधी गुन्ह्याबद्दल विचारतात, मग बालपणाबद्दल, मग तुरुंगातल्या वर्तनाबद्दल. शिस्तभंगाचा एकेक अहवाल काढून त्यावर प्रश्न होतात, पंचवीस वर्षांपूर्वीचा असला तरी. मानसशास्त्रज्ञाचा धोक्याचा अंदाज समोर असतो. सुटल्यावर राहणार कुठे, काम काय करणार, व्यसनाकडे पुन्हा वळावेसे वाटले तर फोन कोणाला करणार, याचे लेखी उत्तर लागते. निवारा देणाऱ्या संस्थेचे पत्र जोडावे लागते. मृताचे नातेवाईक बोलतात. आपण तसे का वागलो याची कैद्याला जाण आली आहे का, हा प्रश्न सगळ्यांत निर्णायक असतो. आणि मंडळाने होकार दिला तरी खुनाच्या प्रकरणात गव्हर्नर तो फिरवू शकतो.

ज्याने आठवीत शाळा सोडली आणि पुढची वीस वर्षे ‘मनातले कुणाला सांगू नये’ हेच शिकला, त्याला ही जाण शब्दांत मांडणे जड जाते. संस्थांचे कार्यकर्ते महिनोन् महिने त्याच्यासोबत बसतात. शाळेची प्रगतिपुस्तके, दवाखान्याचे कागद, बालकल्याण विभागाच्या नोंदी मिळवतात. जुन्या शिक्षकांकडून, शेजाऱ्यांकडून मूल कसे होते ते लिहून घेतात. हे कागद नष्ट होण्याआधी, माणसे जग सोडून जाण्याआधी नोंदले जावेत, म्हणून कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या ‘फ्रँकलिन’ निकालात त्यासाठी वेगळी संधी दिली. जो आजही आपण निर्दोष असल्याचे सांगतो, त्याची अडचण यातही सुटत नाही. न केलेल्या गुन्ह्याची जाण तो कुठून आणणार?

हेन्री मॉन्टगोमेरी यांच्या वाट्याला आलेला अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९६३ मध्ये, सतराव्या वर्षी, त्यांनी बॅटन रूज इथे एका पोलिस अधिकाऱ्याचा खून केला. २०१६ चा निकाल त्यांच्याच नावाने लागला आणि त्या जोरावर देशभर शेकडो लोक सुटले. ते स्वतः मात्र लुइझियानातल्या अँगोला तुरुंगातच राहिले. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये मंडळाने त्यांचा पॅरोल नाकारला. त्यांनी पुरेसे वर्ग पूर्ण केले नाहीत, हा एक आक्षेप होता. त्यांच्यासारख्या जन्मठेपी कैद्यांना कित्येक दशके असे वर्ग उपलब्धच नव्हते. नोव्हेंबर २०२१ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांची सुटका झाली.

चळवळीवरचे आक्षेप दुय्यम समजून चालणार नाही. सर्वांत वजनदार आक्षेप बळी पडलेल्यांच्या कुटुंबीयांचा आहे. मारेकरी कधीच बाहेर येणार नाही, असे सरकारी वकिलाने त्यांना सांगितलेले असते. पंधरा-वीस वर्षांनी सुनावणीची नोटीस येते आणि सगळे पुन्हा सांगावे लागते. पॅरोल नाकारला तर काही वर्षांनी पुन्हा. कॅलिफोर्नियात २००८ च्या मार्सीज लॉने दोन सुनावण्यांमधले अंतर पंधरा वर्षांपर्यंत वाढवले, त्यामागे हीच वेदना होती. काही कुटुंबे पॅरोलच्या बाजूनेही बोलतात, पण ते त्यांचे कर्तव्य आहे असे मानणे अन्यायाचे होईल.

दुसरा आक्षेप सार्वजनिक सुरक्षेचा. फिलाडेल्फियात अशा कैद्यांची संख्या देशातल्या इतर कोणत्याही शहरापेक्षा जास्त, सुमारे तीनशे होती. तिथून सुटलेल्या १७४ जणांचा माँटक्लेअर स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला. २०२० मधल्या त्यांच्या अहवालानुसार पुन्हा दोषी ठरलेल्यांचे प्रमाण १.१४ टक्के होते. हा आकडा दिलासा देणारा असला तरी जपून वाचावा लागतो. सुटलेली माणसे तोवर वयस्क झाली होती, आणि वयासोबत गुन्ह्याकडचा कल सगळीकडेच घटतो. विशीत सुटणाऱ्यांना हाच निष्कर्ष लावता येणार नाही.

तिसरा आक्षेप चळवळीच्या आतून येतो. ‘मुले वेगळी असतात’ या युक्तिवादाने यश दिले, पण अठरा वर्षांची रेघही पक्की केली. त्या रेघेच्या पलीकडचा माणूस बदलत नाही, असा त्यातून अर्थ निघतो. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये एकविशीच्या आतल्या सर्वांना पॅरोलविना जन्मठेपेपासून संरक्षण दिले. वॉशिंग्टन आणि मिशिगन राज्यांतही न्यायालयांनी रेघ थोडी पुढे सरकवली. साठ, ऐंशी, शंभर वर्षांच्या मुदतीच्या शिक्षा नावाने जन्मठेप नसल्यामुळे अनेक ठिकाणी निसटतात, हा वादही संपलेला नाही. वयावर बोट ठेवायचे, की प्रत्येकच दीर्घ शिक्षेचा ठरावीक काळाने फेरविचार मागायचा, यावर संस्थांमध्ये दोन मते आहेत.

भारतातली चौकट वेगळी आहे, पण प्रश्न परका नाही. मुंबई इलाख्यात बालकांविषयीचा कायदा १९२४ मध्येच झाला. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या २१ व्या कलमानुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला मृत्युदंड किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही. मात्र डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर आलेल्या याच कायद्याने, निर्घृण गुन्ह्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली. दोषी ठरलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की त्याच्यात काय बदल झाला याचे मूल्यमापन करण्याची तरतूदही त्यात आहे. अमेरिकी संस्था ज्यासाठी झगडल्या तो फेरविचार इथे कायद्यातच लिहिलेला आहे. तो किती काळजीने होतो, हे परिवीक्षा अधिकाऱ्याचे अहवाल, समुपदेशन आणि वकिलाची तयारी यांवर अवलंबून राहते.

नोंदींचे महत्त्व दाखवणारे एक उदाहरण पुण्यातले आहे. १९९४ मध्ये एकाच घरातल्या सात जणांच्या खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेला एक आरोपी गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले, तेही राजस्थानातल्या शाळेच्या कागदपत्रांवरून. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट ३९ए ने त्याची बाजू लढवली. त्यानंतर वर्षभराने, मे २०२४ मध्ये, कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन चालकाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर अल्पवयीनांना कडक शिक्षेची मागणी याच शहरातून जोराने झाली. दोन्ही प्रकरणांतला फरक पैसा, वकील आणि प्रसिद्धी यांचाही आहे, हे चर्चेत फारसे आले नाही.

प्रस्तुत ग्रंथ या विषयाची मराठीत सलग मांडणी करू पाहतो. त्याचा मुख्य भर अमेरिकी संस्थांच्या कामावर आहे. निकालांच्या आणि कायद्यांच्या यादीने चळवळीचे यश मोजण्याची प्रथा आहे. हा ग्रंथ ती मोजणी पुढे नेतो. निकालानंतर सुनावणी किती वर्षांनी झाली, तयारीला वकील मिळाला का, नकार मिळाल्यावर काय झाले आणि सुटलेल्या माणसाला घर कोणी दिले, हे प्रश्न तो प्रत्येक राज्याबाबत विचारतो. पीडित कुटुंबांचे म्हणणे त्यात परिशिष्टात ढकललेले नाही. मुख्य विवेचनातच त्याला जागा आहे. अमेरिकी उपाय उचलून इथे लावावेत, अशी शिफारस तो करत नाही, कारण तिथली शिक्षांची लांबी, वंशभेदाचा इतिहास आणि पॅरोल मंडळांची रचना इथे नाही. बाल न्याय मंडळांचे सदस्य, परिवीक्षा अधिकारी, निरीक्षणगृहांतले कर्मचारी, वकील, विधी व समाजकार्याचे विद्यार्थी आणि गुन्हेवृत्ते लिहिणारे पत्रकार यांना तुलनेसाठी भरवशाची सामग्री मिळावी, एवढाच त्याचा हेतू आहे. विषयाची पूर्वओळख नसलेल्या वाचकाने इतिहासाचा भाग आधी वाचावा. बालन्याय कायदा रोज हाताळणाऱ्यांनी पॅरोल सुनावणीच्या तयारीवरच्या प्रकरणांपासून सुरुवात केली तरी चालेल.